बसवून 'नाही' सांगणारे टिपणीस

किसनने पहार उचलली तेव्हा टिपणीस त्याला म्हणाले, "आधी बसा."

रस्त्याची खडी उकरायला ठेवलेली लोखंडी पहार होती ती. मी कारखान्याच्या फाटकापाशी पाण्याच्या माठाजवळ उभी होते. काम मागायला आलेली माणसं पहार बघून रस्त्यापलीकडे पळाली. गुरखा चहाला गेला होता. नवा लेबर ऑफिसर आपल्या खोलीत होता, त्याने आतून कडी लावली. कडी सरकल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला. टिपणीस मात्र बाकापाशी उभे राहिले आणि घरी आलेल्या पाहुण्याला सांगावं तसं, बाकाकडे हात करून पुन्हा म्हणाले, "उभ्याने बोलायचं नाही. बसा."

किसन बसला नाही. पहार खाली आली.

पुढे काय झालं ते सांगते, पण आधी टिपणीस कोण ते सांगायला हवं. नाहीतर तुम्हाला वाटेल माणूस वेडा होता. तसा थोडा होताच.

स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली होती. ठाण्याहून कोलशेतला जाणारा रस्ता तेव्हा दोन्ही बाजूंनी मोकळा होता, भातखाचरं आणि मिठागरं, आणि भरतीच्या वेळी खाडीचा वास थेट नाकात. त्या रस्त्यावर दोरांचा कारखाना होता. बोटींना लागतात तसले जाड काथ्याचे दोर. आत कुसळांची इतकी धूळ की संध्याकाळी बाहेर पडणारी माणसं भुतासारखी दिसत. तरी रोज सकाळी फाटकाबाहेर काम मागणाऱ्यांची गर्दी. कोकणातले, देशावरचे, कल्याणच्या कॅम्पातले सिंधी, जवळच्या गावांतले आगरी. कोणाला घ्यायचं ते मोठे साहेब आणि मुकादम ठरवायचे. ज्यांना घ्यायचं नाही त्यांना तसं सांगायचं, हे काम टिपणिसांचं.

दुसऱ्या कारखान्यांत हे काम गुरख्याची काठी करायची. किंवा कोणीच करायचं नाही. "बघू, सोमवारी या" म्हणायचं, आणि माणूस हेलपाटे घालून थकला की तो आपोआप यायचा बंद व्हायचा.

या 'बघू'ची टिपणिसांना भयंकर चीड. चाळीत कोणी सहज म्हणालं की बघू, तर हे थांबवून विचारायचे, "काय बघणार आहात? आणि कधी बघणार आहात? नसेल करायचं तर नाही म्हणा, समोरच्याला दुसरीकडे जाता येईल." त्यामुळे चाळीतल्या बायका ते जिन्यात दिसले की विषय बदलायच्या.

ते ठाण्याचेच, पिढ्यानपिढ्यांचे. चरईत आमच्या चाळीत माझ्या शेजारची खोली त्यांची. बायको वारलेली. यशवंत म्हणून एक मुलगा होता, तो मी तिथे राहायला जायच्या आधीच घर सोडून गेला होता. का गेला ते चाळीत कोणाला ठाऊक नव्हतं. टिपणिसांना विचारायची कोणाची छाती नव्हती. ते इतकं खरं उत्तर द्यायचे की माणूस प्रश्न विचारायलाच घाबरायचा.

मला कारखान्यात त्यांनीच लावलं, तेही नकार देऊन. मी चौथी शिकलेली, नवरा वारलेला, काम पाहिजे होतं. मी त्यांना म्हटलं, काका, तुमच्याकडे दोर गुंडाळायला बायका घेतात म्हणे. त्यांनी मला खोलीत बसवलं. आपण समोर पाटावर बसले. चष्मा काढून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "गोदाबाई, तिथे तुम्हाला घेणार नाहीत. कारण एकच. तिथे कामगारांच्याच घरच्या बायका घेतात. तुम्ही कामाच्या नाही असं नाही. ते काम तुमचं नाही, एवढंच."

मी बरं म्हणून उठले. तर मागून म्हणाले, "पळसाचे द्रोण लावता येतात का?"

द्रोण कशाला, तर पाण्याला. नाही ऐकायच्या आधी माणसाला पाणी द्यायचं हा त्यांचा नियम. आधी पितळेचा पेला होता. तो एकाने भिरकावला आणि गुरख्याच्या कपाळाला टेंगूळ आलं. मग कोणी काचेचा ग्लास सुचवला, तेव्हा टिपणीस त्याच्याकडे बघतच राहिले. शेवटी द्रोण. द्रोण फेकला तर फेकणाराच भिजतो. शिवाय तेव्हा कोणी कोणाच्या भांड्यातलं पाणी पीत नसे. आता लोक ते विसरल्याचं सोंग करतात, मी नाही करत. द्रोण प्यायचा आणि टाकायचा, त्यात कोणाचं काही विटाळायचं नाही. मी रोज सकाळी टोपलीभर द्रोण घेऊन माठापाशी बसायची, आणि अशा कामाचा पगार मिळतो हे माझ्या सासरी कोणाला पटायचं नाही.

बाकीच्या गोष्टींतही त्यांची अशीच काळजी. बाक भिंतीला पाठ लावून ठेवलेला, म्हणजे बसणाऱ्याला समोर रस्ता दिसतो. माणूस आणि रस्ता यांच्यामध्ये टिपणीस कधी बसायचे नाहीत. म्हणायचे, "राग आलेल्या माणसाला जायला वाट दिसली पाहिजे. नाही दिसली तर तो तुमच्यातून वाट काढतो." साहेबांनी त्यांना दिवाळीला संगमरवरी पेपरवेट दिला होता, तो त्यांनी हात जोडून परत केला. गळ्यात उपरणं नाही, शर्टाला कॉलर नाही. धरायला काही मिळता कामा नये. नाही म्हणणाऱ्याने ऐकणाऱ्यापेक्षा खाली बसायचं, म्हणून बाकासमोर एक पाट टाकलेला. कंबर दुखणारा माणूस, पण दिवसभर त्या पाटावर ऊठबस. कारण एकच सांगायचं आणि खरं सांगायचं. "दोन कारणं दिली की माणूस दोन्हींशी भांडतो, आणि एकात तरी जिंकतो."

आणि शेवटी चष्मा. नाही म्हणायच्या आधी ते चष्मा काढून माझ्या हातात द्यायचे. काच डोळ्यात जाऊ नये म्हणून. पुढे पुढे फाटकावर सगळ्यांना हे माहीत झालं. टिपणिसांचा हात चष्म्याला लागला की बाकावरचा माणूस उठून चालायला लागायचा. एकदा एका सिंधी माणसाला घेतलं होतं, ते सांगायला हे त्याच्यासमोर बसले. घाम आला म्हणून चष्मा पुसायला काढला. तो बिचारा नमस्कार करून निघाला. मला त्याच्यामागे मिठागराच्या बांधापर्यंत पळावं लागलं. मी ओरडतेय की तुला घेतलंय, आणि त्याला वाटतंय मी द्रोण परत मागतेय. तो लांबूनच हात हलवून सांगत होता, टाकून दिला, टाकून दिला.

हे सगळं कारखान्यात ठीक होतं. पण ते घरीही तसेच वागायचे. आमच्याकडे एक कोळीण मासळी घेऊन यायची. टिपणिसांना त्या दिवशी बोंबील नको असले तर ते तिला आधी बसायला सांगायचे, मग पाणी. ती म्हणायची, "नको त नको सांग रे बाबा. माजी पाटी कशाला उतरवतंस?" पण ते तिची पाटी उतरवून घ्यायचे आणि पाटावर बसून तिला सांगायचे की बोंबील चांगलेच आहेत, तुमच्यात काही उणं नाही, आज माझं पोट बिघडलंय. सगळी चाळ गॅलरीत येऊन ऐकायची. तिला इतकी दया यायची की ती दोन बोंबील तशीच ठेवून जायची.

मग चाळीतले लोक त्यांना नकार द्यायला नेऊ लागले. प्रधानबाईंच्या मुलाने कल्याणची एक मुलगी पाहिली होती आणि घरात ती पसंत नव्हती. अशा वेळी काय करतात, पत्रिका जमत नाही म्हणून कळवतात, किंवा कळवतच नाहीत. मुलीकडचे महिनोन्महिने टपालवाल्याची वाट बघत बसतात. टिपणीस म्हणाले, मी जाऊन सांगतो. गेले कल्याणला. मुलीच्या बापाला त्याच्याच घरात त्याच्याच खुर्चीवर बसवलं, त्याच्याच बायकोकडून त्याच्यासाठी पाणी मागवलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "तुमच्या मुलीत काही उणं नाही. कारण एकच. मुलाचं मन दुसरीकडे आहे."

मुलाचं मन दुसरीकडे आहे हे प्रधानबाईंनाच माहीत नव्हतं. टिपणिसांनी खरं कारण पाहिजे म्हणून जायच्या आधी मुलाला जिन्यात गाठून विचारलं होतं, आणि त्या मूर्खाने सांगितलं होतं. कल्याणहून बातमी ठाण्यात आली तेव्हा प्रधानांच्या खोलीत जे झालं ते आम्ही सगळ्यांनी आपापली भांडी घासायची थांबवून ऐकलं. प्रधानबाई टिपणिसांशी पुढे कधी बोलल्या नाहीत. पण त्या मुलीचा बाप पुढच्याच आठवड्यात टिपणिसांकडे आला, पिशवीभर चिकू घेऊन. म्हणाला, याच्याआधी किती जणांनी पाहून गेल्यावर तोंड दाखवलं नाही, तुम्ही एकटे दारात आलात. टिपणिसांनी चिकू सगळ्या चाळीत वाटले. प्रधानबाईंनीही घेतले, न बोलता.

असा हा माणूस आयुष्यात एकदा 'बघतो' म्हणाला.

किसन साताऱ्याकडचा. अंगाने सडसडीत, डोळे मोठे, बोलणं मऊ. कारखान्याच्या डॉक्टरने त्याची छाती ऐकली आणि मान हलवली. टिपणीस नेहमीसारखे पाटावर बसले. मी किसनला पाणी दिलं. टिपणिसांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. मी चष्मा धरून उभी राहिले, म्हणजे आता 'नाही' यायचं होतं.

तेवढ्यात किसन म्हणाला, "सायेब, तुमी वर बसा की. कंबर धरंल." आणि बाकावर बाजूला सरकला.

टिपणिसांनी बाकावरच्या त्या मोकळ्या जागेकडे बघितलं. मग म्हणाले, "बघतो मी काहीतरी." आणि माझ्याकडे हात पुढे करून चष्मा परत मागितला. मी दिला. ते माझ्याकडे बघत नव्हते.

आता इथे काय झालं ते नीट समजून घ्या. दुसरा कोणी 'बघतो' म्हणाला असता तर किसनने ते सोडून दिलं असतं. बघतो म्हणजे नाही, हे काम मागत फिरणाऱ्या माणसाला कळतं. पण टिपणीस नाही म्हणायचं असलं तर तोंडावर नाही म्हणतात, ही ख्याती सगळ्या रस्त्यावर होती. ते नाही म्हणाले नाहीत, म्हणजे काम झालंच. फाटकावरच्या लोकांनी किसनच्या पाठीवर थापा मारल्या. कोणी गूळ आणला. एक आगरी म्हातारा त्याला म्हणाला, "तुजा काम झाला रं. जा, बायकोला घेऊन ये." मी हे सगळं ऐकत होते. मलाही तेच वाटलं, की झालं याचं काम.

किसन गावी गेला. आपल्या वाटणीचा जमिनीचा तुकडा भावाच्या हवाली केला, बायकोला आणि लहान मुलीला घेऊन आला. डोंबिवलीच्या अलीकडे कोपर गावात लांबच्या नात्यातल्या कोणाची झोपडी होती, तिथे राहिला.

इकडे टिपणीस त्याच्यासाठी राखणदाराची जागा बघत होते. बाहेर मोकळ्या हवेत बसायचं काम, छातीला त्रास नाही. पण त्या जागेवर ऑफिसरने आपला माणूस घेऊन टाकला. तो नवा लेबर ऑफिसर इंग्रजी शिकलेला, तरणाताठा. त्याला हे बाक, पाट, द्रोण सगळं हास्यास्पद वाटायचं. म्हणायचा, फळ्यावर नावं लावा आणि मोकळे व्हा, रोज कसला हा समारंभ?

आता फक्त किसनला 'नाही' सांगायचं राहिलं होतं. आणि टिपणिसांना ते जमेना.

किसन रोज सकाळी कोपरहून यायचा, धुतलेली टोपी घालून बाकापाशी उभा राहायचा. टिपणीस मागच्या दाराने येऊ लागले. मागचं दार खाडीकडे, तिथे चिखल. त्यांच्या वहाणा चिखलाने भरलेल्या बघून मला कळायचं की आज पण तिकडून आले. मी म्हटलं, काका, तो रोज येतो. म्हणाले, माहीत आहे. म्हटलं, मग सांगा त्याला एकदा. म्हणाले, सांगतो. चाळीतल्या बायकांना शब्दावरून धरणारा हा माणूस, मागच्या दाराने ये-जा करत होता. बाकीच्यांना नाही सांगायलाही ते बाहेर येईनात. ऑफिसरने खुशीत फळा लावून घेतला. लोक फळा वाचायचे, ज्यांना वाचता येत नाही ते दुसऱ्याला विचारायचे, आणि शिव्या देत जायचे.

ज्या दिवशी पहार उचलली गेली त्या दिवशी टिपणीस पुढच्या फाटकाने आले होते. वहाणा कोरड्या. त्यांनी पाट झटकून जागेवर ठेवला आणि मला म्हणाले, "किसन आला की पाणी द्या." मी समजले. पण ते यायच्या जरा आधीच गर्दीतल्या कोणीतरी किसनला सांगून टाकलं होतं की राखणदाराची जागा कधीच भरली, तुला काय इथं उभं करून ठेवलंय? तो रस्त्याच्या कडेने आला तो हातात पहार घेऊनच.

घाव डाव्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज येतो, लोकांना वाटतं येत नाही. टिपणीस जिथे होते तिथेच खाली बसले, भिंतीला टेकून. तोंड पांढरं झालं होतं. आणि काय म्हणाले असतील? म्हणाले, "मी बसलो. आता तुम्ही बसा."

आणि किसन बसला. पहार हातातून सुटली आणि तो बाकावर बसला. मला तेव्हा हसू आलं नाही, पण नंतर कितीदा आलं आहे. मी पाण्याचा द्रोण टिपणिसांच्या तोंडाला लावला, तर मान हलवून म्हणाले, आधी त्यांना. मी किसनला पाणी दिलं. देताना त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. टिपणीस म्हणाले, "त्या दिवशी मी बघतो म्हणालो ते..." आणि तिथेच त्यांची शुद्ध गेली.

मला एवढंच दिसत होतं की आता ऑफिसर कडी काढेल, पोलीस येतील, किसनला बेड्या घालून नेतील, आणि कोपरला त्याची बायको अनोळखी गावात पोरीला घेऊन बसून राहील. मी किसनला म्हटलं, ऊठ, चालता हो. तो हलेना. त्याला बसवलं होतं ना. मी त्याच्या दंडाला धरून उठवलं आणि रस्त्याकडे ढकललं. समोर वाट मोकळीच होती.

ऑफिसर बाहेर आला तो कपडे झटकत. काय झालं, कोणी मारलं? मी म्हटलं, सायकलवरून पडले. तो म्हणाला, ही पहार? मी म्हटलं, रस्त्याची आहे, रस्त्यावर पडलीय. त्याचा माझ्यावर विश्वास बसला नाही. पण त्याने स्वतः पाहिलं नव्हतं, आणि का पाहिलं नव्हतं ते त्याला सांगता येत नव्हतं. मग तो रस्त्यापलीकडच्या माणसांना विचारायला गेला. कोणी म्हणे आत्ताच आलो, कोणी म्हणे माझी पाठ होती. त्यांतल्या निम्म्या लोकांना टिपणिसांनी कधी ना कधी त्या बाकावर बसवून परत पाठवलं होतं. एकानेही तोंड उघडलं नाही. मी खोटं बोलले त्याचं मला तेव्हाही काही वाटलं नाही आणि आताही वाटत नाही.

मला काळजी टिपणिसांची होती, की हा माणूस खरं बोलून सगळ्यावर पाणी फिरवणार. ठाण्याच्या दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर डॉक्टरने विचारलं, हे कसं झालं? मी त्यांच्याकडे बघून डोळे वटारले. टिपणीस म्हणाले, "कारण एकच. मी चुकीच्या जागी उभा होतो." डॉक्टरला वाटलं गाडीबिडीचा धक्का लागला असेल. पोलीस आलेच नाहीत.

हात गळ्यात बांधून ते घरी आले. मी सकाळ-संध्याकाळ पेज द्यायची. थोडं बरं वाटायला लागलं तसे म्हणाले, "गोदाबाई, मला कोपरला न्या. त्या माणसाला उत्तर द्यायचं राहिलंय."

मी म्हटलं, त्याला मिळालं उत्तर, आणि तुम्हालाही मिळालं. पण ते ऐकणारे नव्हते. डोंबिवलीला उतरून आम्ही शेताच्या बांधाने चालत कोपरला गेलो. रेल्वेच्या रुळापलीकडे तेव्हा सगळी भाजीची शेती होती, वालाच्या शेंगा लागल्या होत्या. आम्हाला लांबून बघून किसन झोपडीमागे गेला. त्याला वाटलं, पोलीस मागून येतायत. बायको तानूबाई दारात उभी राहिली, पोर कडेवर. तिने आमच्या मागे कोणी नाही ना ते बघितलं, मग नवऱ्याला हाक मारली. बसायला द्यायला तिच्याकडे एक गोणपाट होतं, ते अंथरलं.

टिपणीस बसले. किसन समोर जमिनीवर उकिडवा बसला, खाली मान घालून. टिपणिसांनी एका हाताने चष्मा काढला, द्यायला माझ्याकडे बघितलं, मग आपल्याच मांडीवर ठेवला.

"मी बघतो म्हणालो ते चुकलं," ते म्हणाले. "कारखान्यात तुम्हाला काम नाही. कारण एकच, तुमची छाती. तिथली धूळ तुम्हाला जगू देणार नाही. हे मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं."

किसन म्हणाला, "मग का न्हाई सांगितलं? समद्यांस्नी सांगता."

मला वाटलं आता टिपणीस एक कारण सांगतील आणि आपण उठू. पण ते वेगळंच बोलायला लागले. तानूबाईकडे बघून बोलत होते, आमच्या दोघांकडे नाही.

म्हणाले, माझा मुलगा होता, यशवंत. त्यानेही आमच्या कारखान्यात हिशेबनिसाच्या जागेसाठी अर्ज केला होता. साहेबांनी नको म्हटलं. मला वाटलं आपला मुलगा म्हणून वेगळं काही करू नये. दुसऱ्या दिवशी तो इतरांबरोबर फाटकावर आला, तेव्हा त्याला बाकावर बसवलं. पाणी दिलं. चष्मा काढला. सांगितलं की तुझं गणित कच्चं आहे, कारण एकच. बाकीचे सगळे बघत होते. तो पाणी प्यायला. उठून नमस्कार केला. आणि म्हणाला, "घरी सांगितलं असतंत तर चाललं असतं, बाबा."

मग तो रस्त्याने गेला, टिपणीस म्हणाले. संध्याकाळी घरी येईल म्हणून मी दोघांचा भात लावला होता.

पोर गोणपाटाचा धागा ओढत होती.

"तेव्हापासून माझ्या कमरेची चौकशी कोणी केली नव्हती," टिपणीस किसनला म्हणाले. "तुम्ही केलीत. मग मला नाही म्हणता आलं नाही."

हे खरं होतं. मी भिंतीपलीकडे राहत होते, रोज त्यांना पाटावरून कण्हत उठताना बघत होते. मला माझी कामं होती.

तानूबाई उठली आणि तव्यावर भाकरी टाकली. जेवून जा असं म्हणाली नाही, सरळ ताटली पुढे ठेवली, वर सुकटीची चटणी. टिपणीस एका हाताने भाकरी मोडायला लागले, ती मोडेना. किसन पुढे सरकला, त्याने भाकरीचे तुकडे करून दिले. मग खांद्याकडे बघून म्हणाला, "दुखतंय का?"

"दुखतंय," टिपणीस म्हणाले.

किसनने गळ्यातली झोळी सोडून नीट बांधली. दवाखान्यातल्यांनी फार वर बांधली होती, असं त्याचं म्हणणं. बांधताना तो रडत होता, आणि टिपणीस त्याला सांगत होते की गाठ थोडी सैल पाहिजे.

त्यानंतर टिपणीस दर रविवारी कोपरला जाऊ लागले. किसन तिथल्या मळ्यांतली भाजी पाटीत घेऊन डोंबिवलीत दारोदार विकायला लागला, मोकळ्या हवेत छातीने साथ दिली. कारखान्यात फळाच राहिला. बाक कोणी तरी चुलीला नेला असेल. मला पुढे एका शाळेत शिपायाचं काम मिळालं. नोकरी संपल्यावर टिपणिसांनी चरईची खोली सोडली आणि कोपरला किसनच्या शेजारी एक खोली बांधून घेतली. किसनची मुलगी त्यांच्याकडे गणित शिकली.

यशवंत आला नाही. तो कुठे गेला, काय झालं, मला माहीत नाही, आणि उगाच गोड करून सांगणार नाही.

टिपणीस खूप म्हातारे होऊन, कोपरला, आपल्या अंथरुणात गेले. अग्नी किसनने दिला. किसन त्याच छातीने नातवंडं बघून गेला. मी अजून आहे. त्या सकाळी फाटकाबाहेर आम्ही तिघं होतो, टिपणीस, किसन आणि मी. तिघंही जगलो.